ऐकून घेतलं की लोक डोक्यावर बसतात?

हाताखाली माणसं असलेला कुणीही समुपदेशनाला आला की फिरून फिरून हे वाक्य येतंच. मुख्याध्यापक म्हणतात, बँकेचे शाखाधिकारी म्हणतात, कारखान्यातले सुपरवायझर म्हणतात. "मॅडम, सगळ्यांचं ऐकत बसलं तर काम कधी करायचं? आणि एकदा सैल सोडलं की पुन्हा आवरत नाहीत." ही काळजी खोटी नसते. वरून जाब विचारला जातो तो त्यांनाच, त्यामुळे लगाम हातातून सुटेल ही भीती त्यांना मनापासून वाटते. त्यावर मला जे सांगायचं आहे, ते एका परिसेविकेच्या, म्हणजे वॉर्ड सिस्टरच्या, अनुभवातून नीट सांगता येईल. तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डाची ती इन्चार्ज. तीस खाटा, पाळ्या तीन: आठ ते दोन, दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. माझ्याकडे ती टीम कशी चालवावी हे विचारायला आली नव्हती. रक्तदाब वाढला होता, झोप उडाली होती, म्हणून डॉक्टरांनी पाठवलं होतं. रात्री दोन-तीनला जाग यायची आणि आता वॉर्डात काय चाललं असेल, या विचारानं पुन्हा डोळा लागायचा नाही. ऑफच्या दिवशीही फोन सुरूच. सलाईनचा स्टँड मोडला तरी फोन, बदली मावशी आली नाही तरी फोन. "मी नसले की पानही हलत नाही," असं ती म्हणाली. त्यात तक्रार होती, तसा थोडा अभिमानही होता. तो अभिमान मला महत्त्वाचा वाटला. वीस वर्षं राबून कमावलेला होता तो, आणि त्याला धक्का न लावता पुढचं बोलायचं होतं.

तिला खरी बोच होती ती एका रात्रीची. वॉर्डात इन्सुलिनच्या बाटल्या असायच्या चाळीसच्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट. त्यांच्या सिरिंजा लाल टोपीच्या. एका पेशंटच्या नातेवाइकांनी बाहेरून शंभरची बाटली आणली, तिला केशरी टोपीची सिरिंज लागते. दोन्ही सिरिंजा एकाच ट्रेमध्ये पडलेल्या. रात्रपाळीच्या सिस्टरनं शंभरच्या बाटलीतलं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये सोळाच्या खुणेपर्यंत ओढलं. शंभरचं औषध अडीचपट तीव्र, त्यामुळे ते सोळा युनिट न होता चाळीस झालं. पेशंटला दरदरून घाम फुटला, शुगर धोकादायक इतकी खाली, 48 वर आली. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं हाक मारली म्हणून वेळेत कळलं. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, दिलं, पेशंट सावरला.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. जिच्या हातून हे घडलं तिच्यापेक्षा इन्चार्जबाईंचा राग होता दुसऱ्याच मुलीवर. नोकरीला लागून जेमतेम काही महिने झालेली मुलगी. चौकशीत ती सहज बोलून गेली, की दोन्ही सिरिंजा मिसळतात हे तिनं आधीच पाहिलं होतं.

"मग सांगितलं का नाही हिनं? जीव गेला असता एखाद्याचा!" माझ्यासमोर सांगतानाही तिचा आवाज चढला होता.

"तुम्ही विचारलंत तिला?"

"विचारलं ना. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आधी काम शीक."

"म्हणाला असता का?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हो. असंच म्हणाले असते."

तिथून आमचं खरं काम सुरू झालं.

मी तिला सकाळची ओव्हर कशी घेता ते बारीकसारीक सांगायला लावलं. रात्रपाळी सकाळपाळीला वॉर्ड सोपवते ती ओव्हर. खाटेच्या पायथ्याशी सगळ्या उभ्या. इन्चार्ज प्रत्येक पेशंटचा पेपर हातात घेणार आणि विचारणार: हे का नाही झालं, युरिन किती ते का नाही लिहिलं, कॅथेटर कधी बदलला. पेशंट ऐकतोय, नातेवाईक ऐकताहेत, मामा-मावशी ऐकताहेत. बारा तास उभं राहून काम केलेली मुलगी मान खाली घालून "हो सिस्टर" म्हणणार. अख्ख्या ओव्हरमध्ये खालून वर जाणारं वाक्य एकच, "हो सिस्टर". त्या मुली घाबरट नव्हत्या, नुसत्या दमल्याही नव्हत्या. इथे तोंड उघडलं की बोलणी बसतात, हे त्या अनुभवानं शिकल्या होत्या.

मी तिला एका जुन्या अभ्यासाबद्दल सांगितलं. अमेरिकेत एमी एडमंडसन या संशोधिकेनं 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या वॉर्डांमध्ये औषधांच्या चुका मोजल्या. जिथली टीम चांगली तिथे चुका कमी असतील, अशी तिची अपेक्षा होती. आकडे आले उलटे. ज्या वॉर्डांत नर्सेसचं इन्चार्जशी चांगलं जमत होतं, तिथेच जास्त चुका नोंदलेल्या दिसल्या. खोलात गेल्यावर कारण हाती आलं: त्या वॉर्डांत लोक चुका बोलून दाखवत होते, बाकीच्या ठिकाणी लपवत होते. 1996 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. इन्चार्जबाई हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या वॉर्डाचं चुकांचं रजिस्टर कोरं आहे, ही चांगली गोष्ट नाही?" ते त्यांचं त्यांनाच उमगलं, हे बरं झालं. मी सांगितलं असतं तर त्या वाद घालत बसल्या असत्या.

ऐकायचं म्हणजे काय, हे शिकायला मात्र वेळ लागला. एका सत्रात मी नवी स्टाफ नर्स झाले आणि तक्रार सांगू लागले. माझं तिसरं वाक्य पुरं व्हायच्या आत बाईंनी उपाय सांगून टाकला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. हुशार आणि अनुभवी माणसांचं असंच होतं, उत्तर त्यांच्या जिभेवरच असतं. मग आम्ही एक नियम घातला. उत्तर देण्याआधी समोरचीनं काय सांगितलं ते आपल्या शब्दांत तिला परत सांगायचं, आणि ती "हो, हेच" म्हणाली की मगच पुढे बोलायचं. कार्ल रॉजर्स या मानसतज्ज्ञानं 1950 च्या दशकात व्यवस्थापकांनाही हाच मार्ग सांगितला होता. बाईंना पहिल्यांदा हे नाटकी वाटलं. "अगं, म्हणजे तू म्हणतेस की..." एवढं म्हणतानाच त्यांना हसू यायचं. पण चार-सहा वेळा घोटून घेतल्यावर जीभ वळली.

ओव्हर संपल्यावर नर्सिंग स्टेशनला दहा मिनिटं थांबायचं, हेही ठरलं. पेशंटसमोर नाही. "काही प्रॉब्लेम आहे का?" असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर "नाही सिस्टर" हेच येतं. विचारायचं, "काल कुठं अडलं?" यात अडणं धरूनच चाललेलं असतं, त्यामुळे सांगणाऱ्याला कमीपणा येत नाही.

पहिले काही दिवस कुणी बोललं नाही. बाई हिरमुसल्या. मी म्हटलं, इतक्या वर्षांचं गप्प बसणं आठवड्यात कसं सुटेल? तोंड पहिल्यांदा उघडलं ते मावशींनी, आणि तेही इन्सुलिनबद्दल नाही. पेशंटचं स्पंजिंग होतं सकाळी सात वाजता आणि धुतलेल्या चादरी येतात अकराला. अंग पुसलेला माणूस चार तास त्याच मळक्या चादरीवर पडून राहतो. "बेडसोर झाला की डाक्टर आम्हालाच बोलतात," मावशी म्हणाल्या. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. बाईंनी लाँड्रीला फोन केला, आणि दुसऱ्या दिवसाचं लिनन आदल्या संध्याकाळी यायला लागलं. एका फोनचं काम होतं, पण ते वॉर्डात सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर सिस्टरही बोलू लागल्या.

लोक बोलतात ते आपण प्रेमळ चेहरा करून बसतो म्हणून नव्हे. मागच्या वेळी बोललेल्याचं काय झालं, हे ते बघत असतात. म्हणून मी बाईंना बजावलं होतं: जे हातात नाही त्याचंही उत्तर द्यायचं. रात्रपाळीला तिसरी सिस्टर द्या, ही मागणी रास्त होती, पण ती मंजूर करणं त्यांच्या हाती नव्हतं. त्यांनी अधिसेविकेला, म्हणजे मेट्रनला, लेखी दिलं. नकार आला, तोही येऊन सांगितला: "मागितलं, मिळालं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा मागेन." ऐकून घेऊन पुढे काहीच न कळवणं हे न ऐकण्यापेक्षा वाईट. लोकांना ते फसवणुकीसारखं लागतं.

आता अधिकार देण्याचं. बाईंनी दोन गोष्टी सोडल्या. इन्सुलिनचा ट्रे त्याच नव्या मुलीच्या ताब्यात दिला. तिनं लाल आणि केशरी टोप्यांच्या सिरिंजा वेगळ्या डब्यांत ठेवल्या, बाहेरून आलेल्या प्रत्येक बाटलीवर "40" की "100" ते मोठ्या अक्षरात चिकटवायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या सिस्टरनं बाटली आणि सिरिंज मोठ्यानं वाचल्याशिवाय इन्सुलिन द्यायचं नाही, असं ठरवलं. बाईंना त्यात एक रजिस्टर घालायचं होतं. मी विचारलं, "तिनं मागितलंय का?" रजिस्टरचा विचार तिथेच सोडला.

दुसरी गोष्ट ड्युटी लिस्ट. ती सिस्टरांनीच बसून करायची. चौकट मात्र बाईंची: प्रत्येक पाळीत एक तरी जुनी हवी, नाइट संपवून लगेच सकाळपाळी कुणाला लावायची नाही, आणि यादी महिन्याच्या पंचवीस तारखेला हातात पडली पाहिजे. चौकट न देता "तुमचं तुम्ही बघा" म्हणून मोकळं होणं म्हणजे आपलं ओझं दुसऱ्याच्या गळ्यात टाकणं. ते करणारे साहेबलोकही मी पुष्कळ पाहिलेत.

आणि मग ज्याची भीती होती तेच घडलं. गौरी-गणपतीच्या आठवड्यात एका जुन्या सिस्टरनं पाचही ऑफ स्वतःकडे घेतले आणि नाइट नव्या मुलींच्या माथी मारल्या. बाई तरातरा माझ्याकडे आल्या. "बघा मॅडम! सांगत नव्हते मी? बसल्या ना डोक्यावर?" लिस्ट पुन्हा स्वतःकडे घ्यायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

आम्ही त्या दिवशी एकाच गोष्टीवर बोललो. ऐकणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. बाईंच्या मनात दोन्ही एकच होतं. ऐकलं की द्यावं लागणार, म्हणून त्या आजवर ऐकायचंच टाळत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या सिस्टरला एकटीला बोलावलं, आधी तिचं पूर्ण ऐकलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, घरी गौरी बसतात, करणारी ही एकटीच. बाईंनी ते सगळं तिला परत सांगितलं, ती "हो" म्हणाली. मग बाई म्हणाल्या, "तुझी अडचण मला समजली. पाच ऑफ मिळणार नाहीत. दोन कुठले हवेत ते तू सांग, बाकीचं सगळ्या मिळून बसवा." ती रडली, चिडली, एक दिवस बोलली नाही. पण लिस्ट सिस्टरांनीच बदलली. गौरीच्या जेवणाच्या दिवशी एका नव्या मुलीनं आपणहून पाळी बदलून दिली.

नकार देता येतो, आणि दिला तरी माणूस तुटत नाही, हे बाईंना त्या दिवशी कळलं. माझ्या मते त्यांची झोप सुधारायला सुरुवात झाली ती तिथून.

एक खुलासा करते, कारण हा प्रश्न हमखास येतो. पेशंटचं हृदय बंद पडलं की चर्चा करायची नसते. तिथे एकानं हुकूम द्यायचा, ऐकणारीनं तो मोठ्यानं परत म्हणायचा आणि करायचा. पण तेव्हा हुकूम झेलणारीला "सिस्टर, हे औषध आत्ताच दिलंय" असं म्हणायची हिंमत हवी, आणि ती हिंमत एरवीच्या दिवसांत कमवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली शस्त्रक्रियेसाठी तपासणी यादी आणली. तिच्यात चिरा देण्याआधी ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, हे घातलं आहे. एकदा आवाज फुटलेला माणूस गरज पडली की पुन्हा बोलतो.

ऑफच्या दिवशीच्या फोनसाठी आम्ही तीनच कारणं ठरवली: पेशंटच्या जिवाला धोका, आग किंवा मारामारी, आणि पाळीला कुणीच न येणं. बाकी सगळं वॉर्डानं निभवायचं. बाईंना हे फार जड गेलं. तेव्हा मी फ्लोरेन्स नाइटिंगेलचा आधार घेतला, कारण तिचा शब्द त्या मानतात. तिनं 1859 मध्येच लिहून ठेवलंय, की आपण असताना जे होतं ते आपण नसतानाही व्हावं, ही व्यवस्था लावणं हेच इन्चार्जचं काम. सगळं स्वतः करणं नव्हे. बाई म्हणाल्या, "दर बारा मेला आम्ही तिच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतो, हे कुणी वाचून नाही दाखवलं."

पुढच्या तिमाहीत वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये चुकांच्या आणि थोडक्यात टळलेल्या प्रसंगांच्या नोंदी वाढल्या. अधिसेविकांनी बोलावणं पाठवलं: तुमच्याच वॉर्डात एवढ्या चुका कशा? आमचं शेवटचं सत्र त्यावरच झालं. बचाव करायचा की माफी मागायची, या घोळात बाई होत्या. मी विचारलं, या नोंदींबद्दल सगळ्यात जास्त माहिती कुणाला आहे? दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात गेल्या ते इन्सुलिनचा ट्रे सांभाळणाऱ्या त्या मुलीला बरोबर घेऊन. अधिसेविकांनी प्रश्न बाईंना विचारला. बाईंनी रजिस्टर मुलीच्या हातात दिलं आणि तिला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. प्रत्येक नोंदीपुढे काय बदललं, ते तिनं वाचून दाखवलं. अधिसेविकांचं पूर्ण समाधान झालं असं नाही, "पुढच्या तिमाहीत बघू," एवढंच त्या म्हणाल्या. पण रजिस्टर बंद करा, असं त्या म्हणाल्या नाहीत.