ठाण्याहून खारघरला घर हलवतोय. काचेचे जुने पेले आणि बाटल्या न फुटता कशा न्याव्यात?

प्रत्येक नग वेगळा गुंडाळून लहान, पाच पदरी खोक्यात उभा भरा आणि जमलं तर ते खोके टेम्पोत न देता स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर न्या. काच बऱ्याचदा नुसत्या हादऱ्याने नाही, तर शेजारच्या काचेवर आपटून फुटते. पावसाळ्यातला घोडबंदर रोड वाटेत असेल तर विचारायलाच नको. त्यामुळे दोन नगांमध्ये पोकळी राहता कामा नये. खोकं बंद केल्यावर कान लावून हलकेच हलवा. किणकिण ऐकू आली की पुन्हा उघडा आणि जुने टॉवेल, मोजे, काय असेल ते कोंबा.

- आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे आतल्या बाजूला. वर्तमानपत्र थेट गुंडाळू नका, सोनेरी काठावर शाई उतरते.
- बशा एकावर एक रचू नका, कडेवर उभ्या ठेवा.
- बाटल्यांची बुचं, झाकणं काढून वेगळी गुंडाळा.

आईचे चौतीस पेले मी असेच नौपाड्याहून ऐरोलीला नेले. एकच फुटला, तोही घरी पोचल्यावर, बबल रॅप कात्रीने कापायच्या घाईत.

एक मात्र आहे: पॅकर्सचा विमा घेणार असाल तर तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातली फूटतूट त्यात अनेकदा धरत नाहीत. खरोखर महागडा नग असेल तर तो त्यांच्याकडूनच, तुमच्यासमोर भरून घ्या आणि आधी फोटो काढून ठेवा.