मेकॅनिकलमध्ये बी.ई. झालंय, संख्याशास्त्राकडे वळायला पुन्हा बी.एससी. करावं का?

नको, थेट पदव्युत्तरचा प्रयत्न करा. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या एम.स्टॅट.ला (संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीला) बी.ई. झालेले अर्ज करू शकतात, प्रवेश परीक्षा तेवढी चांगली जायला हवी. ती सोपी नाही. इंजिनिअरिंगचं कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स उपयोगी पडतात, पण तिथे गणित सिद्ध करून दाखवावं लागतं, सूत्रात आकडे घालून भागत नाही. आणि संभाव्यता तर बहुतेकांना पहिल्यापासूनच शिकावी लागते. सहा-आठ महिने यावर घालवा, तीन वर्षं नव्हे. यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेचा विचार असेल, तर नुसती बी.ई. चालत नाही, पदवीला संख्याशास्त्र हा विषय हवा किंवा त्यात पदव्युत्तर पदवी हवी. म्हणजे एम.एससी.नेही काम होतं. वयोमर्यादा साधारण ३० आहे, तेव्हा दुसऱ्या पदवीत गेलेली वर्षं इथे खरोखर महाग पडतात.

एकच अपवाद: काही विद्यापीठं एम.एससी.साठी बी.एससी.ला संख्याशास्त्र होतं का, हे बघतात. घरच्या अडचणींमुळे तुम्हाला अशाच एखाद्या जवळच्या विद्यापीठात शिकावं लागणार असेल, तर मात्र दुसरी पदवी घ्यावी लागेल. त्याआधी त्यांचं यंदाचं प्रवेशाचं माहितीपत्रक नीट वाचा.