वाचकांचे प्रश्न : आइस्क्रीमचा एक कप म्हणजे किती ग्रॅम?

प्रश्न : मिल्कशेकच्या कृतीत 2 कप व्हॅनिला आइस्क्रीम लिहिलं होतं. एका तक्त्यात 1 कप म्हणजे 240 ग्रॅम असं दिलं होतं, म्हणून 480 ग्रॅम घेतलं. शेक फार घट्ट आणि गोडमिट्ट झाला. चूक कुठे झाली?

उत्तर : तो हिशोब पाण्याचा होता. 240 मिली पाणी 240 ग्रॅम भरतं, आइस्क्रीम तेवढं भरत नाही, कारण घुसळताना त्यात हवा कोंडली जाते. हलक्या, फुललेल्या आइस्क्रीममध्ये जवळजवळ निम्मी जागा हवेचीच असते. त्यामुळे सगळ्या आइस्क्रीमना लागू पडेल असा एकच आकडा नसतो आणि तसा आकडा देणाऱ्या तक्त्यावर विसंबू नये.

आपल्या डब्याचा आकडा आपणच काढावा. डब्यावर मिली आणि निव्वळ वजन दोन्ही छापलेलं असेल, तर ग्रॅमला मिलीने भागा. समजा 700 मिलीचा डबा 385 ग्रॅमचा आहे. भागाकार येतो 0.55. आता 240 मिलीचा कप धरला तर 240 × 0.55 = 132 ग्रॅम, म्हणजे 2 कपांना 264. तुम्ही जवळजवळ दुप्पट घातलंत! घट्ट, जड आइस्क्रीमचा 500 मिलीचा डबा 440 ग्रॅमचा असेल, तर भागाकार 0.88 आणि 2 कप भरतात 422 ग्रॅम. दोन्ही व्हॅनिलाच, पण फरक दीडशे ग्रॅमहून जास्त.

डब्यावर फक्त मिली असेल तर न उघडलेला डबा झाकणासकट तोला. संपल्यावर तोच डबा धुऊन, पुसून, पूर्ण कोरडा करून झाकणासकट पुन्हा तोला. वजाबाकी म्हणजे आतल्या आइस्क्रीमचं वजन. पहिल्यांदा तोलताना बाहेर साचलेलं दव आणि बर्फ पुसायला विसरू नका.

कृतीतला कप केवढा, हेही पाहा. कुठे तो 240 मिलीचा असतो, कुठे 250 चा. मात्र हवेच्या फरकापुढे हा फरक किरकोळ आहे.

प्रश्न : कपाने मोजून वजन केलं तर दर वेळी वेगळं येतं. असं का?

उत्तर : कडक आइस्क्रीमचे गोळे कपात टाकले की मध्ये पोकळ्या राहतात आणि वजन कमी येतं. उलट मऊ झालेलं दाबदाबून भरलं की आतली हवा निघून जाते आणि वजन जास्त येतं. कप पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये गार करा. आइस्क्रीम दहा मिनिटं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. चमचा जोर न लावता आत शिरला की ते तयार. कप काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. थोडं थोडं भरा, कडेने चमचा फिरवून पोकळ्या बुजवा, पण ढवळू नका. वरून सुरीच्या पाठीने सपाट करा, बाहेरून पुसा आणि मग तोला. तीनदा करून सरासरी घेतलेली बरी.

प्रश्न : कपभर आइस्क्रीम वितळून अर्ध्या कपाच्या आसपास आलं. वजनही घटलं का?

उत्तर : नाही. हवा निघून गेली आणि बर्फाचं पाणी झाल्यावर त्याने जागाही कमी व्यापली. वजन तेवढंच राहतं. म्हणून वितळलेलं आइस्क्रीम मापाने कधीच घेऊ नका, तोलूनच घ्या.

प्रश्न : घरी मशीनमध्ये केलेल्या आइस्क्रीममध्ये किती हवा शिरली, हे कसं काढायचं?

उत्तर : घुसळण्याआधी एक कप गार मिश्रण तोला. मशीनमधून काढल्याबरोबर तोच कप ताज्या, मऊ आइस्क्रीमने भरून तोला. पहिल्या वजनातून दुसरं वजा करा, त्याला दुसऱ्याने भागा आणि शंभराने गुणा. मिश्रण 264 ग्रॅम, आइस्क्रीम 176 ग्रॅम असेल, तर 88 भागिले 176, म्हणजे 50 टक्के. या टक्केवारीला ओव्हररन म्हणतात. ही नोंद कृतीच्या कडेला लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच मिश्रणाचा कप 200 ग्रॅमच्या पुढे गेला, तर हवा कमी शिरली आहे. बहुतेक वेळा मिश्रण पुरेसं गार नसतं किंवा भांडं काठोकाठ भरलेलं असतं.