ऑलिव्हच्या लाकडाचा चिरायचा पाट कोरडा, पांढरट पडलाय. घरचं शेंगदाणा तेल चोळलं तर चालेल का?

नको, त्याऐवजी खाद्यवापरासाठीचं मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून शुद्ध केलेलं, रंग-वास नसलेलं तेल) लावा. शेंगदाणा, सूर्यफूल, अगदी ऑलिव्ह तेलसुद्धा हवेने हळूहळू खवट होतं आणि पाट चिकट लागतो. मिनरल ऑइल खवट होत नाही. ट्युनिशियातून आणलेला असाच एक पाट रोज वापरतो, त्या अनुभवावरून सांगतोय. हे लाकूड सागापेक्षा बरंच जड आणि घट्ट. तपकिरी रेषा वेड्यावाकड्या पळतात, म्हणून दोन पाट कधी सारखे दिसत नाहीत (आणि म्हणूनच महागही पडतात).

तेल कोमट करून फडक्याने चोळा, रात्रभर मुरू द्या, सकाळी उरलेलं पुसा. कडांना, जिथे रेषा संपतात तिथे, दोनदा लावा. तेल सगळ्यात जास्त तिथेच पितं आणि तडाही तिथूनच जातो. सिंकमध्ये भिजत ठेवू नका, डिशवॉशर तर नाहीच. धुतल्यावर उभा करून सावलीत वाळवा. हळदीचा डाग मीठ-लिंबाने फिका होतो, पूर्ण जाईलच असं नाही.

मात्र आधीच आरपार तडा गेला असेल तर तेलाने तो बुजणार नाही. त्यात अन्न अडकतं, तेव्हा तो पाट चिरायला वापरू नका.