बोक्याची लघवी पुन्हा पुन्हा बिघडते तेव्हा

प्रिय मित्रा,

बोक्याला लघवीचा त्रास परत सुरू झाला आणि तू परत तीच अँटिबायोटिकची गोळी विचारतो आहेस. गोळीचं नंतर बघू. आधी सांग, त्याच्या वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचा शेवटचा ओला गोळा कधी पडला? बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, ओरडतोय, खालची जागा चाटतोय आणि थेंबही पडत नाही, तर लघवी तुंबली आहे. याला बद्धकोष्ठ समजून लोक एरंडेल पाजतात. ते नको, आणि पोट दाबूनही बघू नकोस. तट्ट भरलेलं मूत्राशय फुटू शकतं. तुंबलं की रक्तात पोटॅशियम साठतं आणि दीड-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. मादीचा मूत्रमार्ग रुंद असतो, तिच्यात हे क्वचितच होतं.

आता गोळी. दहा वर्षांखालच्या मांजरांत जंतूंचा संसर्ग फार कमी वेळा सापडतो. बहुतेकांना असते ती जंतूंशिवायची मूत्राशयाची सूज, आणि ताण हे तिचं मोठं निमित्त. ती साधारण आठवड्याभरात आपली आपणच ओसरते. गोळीचा कोर्सही तेवढाच, म्हणून श्रेय गोळीला जातं! तेव्हा यावेळी डॉक्टरांकडे नमुन्याचा आग्रह धर: सोनोग्राफीत बघत, सुईने थेट मूत्राशयातून घेतलेला. ट्रेमधल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, फसतं. सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी तासाभरात व्हायला हवी. फ्रिजमध्ये गार झालेल्या लघवीत मुळात नसलेले क्रिस्टल (क्षारांचे बारीक स्फटिक) तयार होतात.

मूत्राशयात खडा दिसला तर तो कशाचा, हे महत्त्वाचं. मुख्य प्रकार दोन, स्ट्रुव्हाइट आणि ऑक्झलेट. स्ट्रुव्हाइट औषधी खाद्यावर बहुधा दोन ते पाच आठवड्यांत विरघळतो, पण मध्ये दुसरा घास दिलास की मेहनत वाया. ऑक्झलेट विरघळत नाही, काढावाच लागतो. माणसांना उन्हाळी लागली की देतात ते अल्कलायझर सिरप बोक्याला पाजू नकोस. लघवी अल्कधर्मी झाली की स्ट्रुव्हाइट वाढतो. वेदनेचं औषध त्याला हवंच, पण डॉक्टरांनी दिलेलं. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरतं.

खरं काम मात्र पाण्याचं. चार किलोच्या बोक्याला दिवसाला खाण्यातून-पिण्यातून मिळून सुमारे २०० मिली पाणी लागतं. पन्नास-साठ ग्रॅम कोरड्या खाद्यात ते जेमतेम ५ मिली असतं, आणि वाटी कितीही भरून ठेव, मांजर उरलेलं सगळं पिऊन भरून काढत नाही. ओल्या खाद्याच्या ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये ६५-७० मिली असतं. रोज तीन पाऊच परवडत नसतील तर एक-दोन दे, त्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी कालव, आणि उरलेलं कोरडं भिजवून दे. चिकन नुसतं उकडलेलं पाणीही चालतं. घरी रस्सा करताना बाजूला काढलेलं अळणी मात्र नको. त्यात कांदा-लसूण असतो, आणि कांद्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. बदल आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू कर. एकदम केलास तर बोका उपाशी बसेल, आणि दोन-तीन दिवसांच्या उपासाने, विशेषतः लठ्ठ मांजराचं, यकृत बिघडतं.

ताणही कमी करायला हवा. ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त, वेगवेगळ्या जागी. लांबी मांजराच्या दीडपट, वाळू बिनवासाची. धुताना फिनाईल नको, ते मांजरांना विषारी आहे. दिवाळीत फटाके वाजायच्या आधीच त्याला आतल्या खोलीत ट्रे, पाणी आणि लपायला खोकं मांडून दे.

महिन्या-दीड महिन्याने लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे ती किती दाट आहे ते सांगणारा आकडा, बघ. नुसत्या कोरड्यावरच्या मांजराची १.०५० च्या वर सहज असते, ती १.०३० च्या खाली आणायची. पाणी न वाढवताच ती खाली आलेली दिसली, तर किडनी तपासून घे.