टीव्हीला डॅक जोडताना

डॅक म्हणजे टीव्हीचा डिजिटल आवाज अ‍ॅम्प्लिफायरला चालेल अशा अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये बदलणारी डबी. टीव्हीतून डॅककडे प्रकाशातून आवाज नेणाऱ्या ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांवरची इवलीशी पारदर्शक टोपी आधी काढा, नाहीतर प्लग बसत नाही. लाल उजेड दिसतोय, तरी डॅक मुकाच? मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ असेल, ते ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा. साध्या स्टिरिओ डॅकला डॉल्बी (दाबून पाठवलेला आवाज) उलगडता येत नाही.

डॅकच्या आरसीए (लाल-पांढऱ्या प्लगच्या) वायरी अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’त घाला, ‘फोनो’त (रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटमध्ये) चुकूनही नाही. तिथे मोजके मिलिव्होल्ट अपेक्षित असतात, डॅक देतो साधारण २ व्होल्ट, आवाज फाटणारच.

स्पीकरची वायर जेमतेम १० मिलिमीटर सोला. एक सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट. एकाच स्पीकरचं लाल-काळं उलटं झालं, तर बास गायब! महागड्या ऑप्टिकल केबलवर पैसे घालू नका. अ‍ॅम्प शेवटी चालू करा, बंद मात्र सगळ्यात आधी.