कमी पडताहेत ती फक्त चार-पाच उत्तरं

प्रश्न : मी 31 वर्षांची, जीएनएम झालेली स्टाफ नर्स. सांगलीत खासगी हॉस्पिटलमध्ये आहे. जर्मनीत नोकरी करायची म्हणून 14 महिन्यांपूर्वी जर्मनचा क्लास लावला, आठवड्याला 6 तास. महिन्यातला नाइट ड्युटीचा आठवडा बुडतो. बी1 परीक्षेत वाचन 73, लेखन 66, बोलणं 62, पण ऐकण्यात 47. दुसऱ्यांदा दिलं तर 43! क्लासमधली विशीतली मुलं पुढे गेली. या वयात भाषा डोक्यात शिरत नाही असं घरचे म्हणतात. सोडून देऊ, की नोकरी सोडून पूर्णवेळ शिकू?

उत्तर : दोन्ही नको.

आधी तुमचे गुण नीट वाचू. बी1 म्हणजे भाषेची मधली पातळी. जर्मन शिकवणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या ग्योटे इन्स्टिट्यूटच्या बी1 परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं हे चार स्वतंत्र भाग आहेत. प्रत्येक भाग 100 गुणांचा आणि पास व्हायला 60 लागतात. तुमचे तीन भाग सुटलेत, ते पुन्हा द्यायचे नाहीत. ऐकण्याच्या भागात 30 प्रश्न असतात. 47 गुण म्हणजे 14 उत्तरं बरोबर, 43 म्हणजे 13. पास व्हायला 18 हवीत. पहिल्या खेपेला तुम्ही चार उत्तरांनी राहिलात, दुसऱ्या खेपेला पाच. एवढ्यावरून डोक्याचा आणि वयाचा निकाल लावू नका.

आता तास मोजू. 14 महिन्यांतले नाइटचे आठवडे वजा केले तर तुमचे सुमारे 270 तास झाले. 45 मिनिटांची एक तासिका धरली तर 360 तासिका. बी1 साठी ग्योटे इन्स्टिट्यूटचाच अंदाज 350 ते 650 तासिकांचा आहे. म्हणजे तुम्ही खालच्या टोकाला आहात, तेही नोकरी सांभाळून. वयाचा फरक पडतो तो मुख्यतः उच्चारात. व्याकरण समजून घेण्यात मोठी माणसं लहान मुलांपेक्षा सुरुवातीला पुढेच असतात, तुमचे लेखनाचे 66 तेच सांगतात.

मग अडतंय कुठे? तुम्ही जर्मन डोळ्यांनी शिकलात, आणि बहुधा इंग्रजीच्या वाटेने. एक जोडी बघा. ‘पासून’ या अर्थाचा शब्द ‘झाइट’, यातला झ झाडातला. ‘वेळ’ या अर्थाचा शब्द ‘त्साइट’, म्हणजे सुरुवातीला चाकातला, चुलीतला च. हा दुसरा शब्द जर्मनमध्ये झेडने लिहितात, म्हणून इंग्रजीच्या सवयीने आपण तोही ‘झाइट’ असाच वाचतो. वर्षभर मनात तसं वाचल्यावर ऐकताना दोन्ही शब्द एकच वाटणार. खरं तर हा च मराठी माणसाच्या तोंडात जन्मापासून आहे. झेड दिसला की चाक आठवा.

आकड्यांचंही तसंच. 27 ला जर्मन माणूस ‘सात आणि वीस’ म्हणतो. इंग्रजीतून गेलात तर उलटं वाटतं, पण आपल्या सत्तावीसमध्येही सात आधीच येतो. सत्तावीस, अडतीस, पंचेचाळीस असं मराठीतच ऐका. फक्त एकोणतीसच्या घरात सांभाळा, तिथे ते सरळ ‘नऊ आणि वीस’ म्हणतात.

रोजच्या सरावाला 40 मिनिटं पुरे. दीड-दोन मिनिटांचा एकच तुकडा घ्या. ग्योटेच्या संकेतस्थळावर बी1 चे सराव संच मोफत आहेत, ध्वनिफीत आणि लिखित मजकुरासकट. पहिल्यांदा कागद न बघता ऐका. दुसऱ्यांदा वाक्यावाक्याला थांबवून ऐकू येईल तसं लिहा, चुकलं तरी चालेल. मग मजकुराशी ताडून पाहा. शेवटी त्या आवाजाच्या मागोमाग मोठ्याने तीनदा म्हणा. हे शेवटचं सगळे टाळतात, आणि फरक तिथेच पडतो, कारण जो शब्द तोंडातून त्या वेगाने गेलेला नाही तो कानाला सहसा सापडत नाही.

ताडताना प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा. शब्दच माहीत नव्हता तर ‘न’. वाचला असता तर कळला असता, पण ऐकून ओळखला नाही, तर ‘क’. सगळं ऐकू आलं तरी उत्तर चुकलं, तर ‘फ’, म्हणजे फसले. दोन आठवड्यांनी मोजा. वाचनात 73 असलेल्या माणसाकडे बहुतेक ‘क’ निघतात. तसं असेल तर शब्दांच्या याद्या पाठ करणं आता थांबवा.

‘फ’ मात्र वेगळ्या कारणाने होतो. बोलणारा म्हणतो, ‘खरं तर मंगळवारी येणार होतो, पण...’ आणि तुम्ही मंगळवार ऐकताच खूण करून मोकळ्या. ‘आयगेंटलिश’ म्हणजे ‘खरं तर’. तो कानावर आला की पेन्सिल वर उचला, उत्तर ‘आबर’ म्हणजे ‘पण’च्या पुढे असण्याची शक्यता जास्त.

परीक्षेतही सगळे भाग सारखे नसतात. पहिला आणि चौथा भाग दोनदा ऐकवतात, तिथे 18 प्रश्न. दुसरा आणि तिसरा एकदाच, तिथे 12. एकदाच ऐकवणाऱ्या भागात एक प्रश्न हुकला की त्याच्यामागे धावू नका, कारण तेवढ्यात पुढचे दोन निसटतात. अंदाजाने खूण करा आणि पुढे चला. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत.

नाइटच्या आठवड्यात नवं काही घेऊ नका. ड्युटीवरून घरी येताना बसमध्ये जुनेच तुकडे 15 मिनिटं ऐका आणि झोपा. जमलं तर पुढच्या पाळीला द्यायचा वॉर्डचा हँडओव्हर पाच वाक्यांत जर्मनमध्ये फोनवर रेकॉर्ड करा, पेशंटचं नाव न घेता : रात्री झोप लागली का, ताप किती, काय दिलं. पुढे तिथे रोज हेच बोलायचं आहे.

नोकरी का सोडायची नाही? बी1 नंतर बी2 आहे, आणि नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत तेच लागतं. ग्योटेचा बी2 पर्यंतचा अंदाज 600 ते 800 तासिकांचा आहे, म्हणजे अजून बरीच वाट बाकी आहे. तेवढा काळ पगार बंद ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय अर्जात वॉर्डचा सलग अनुभव दाखवता आलेला बरा. हवं तर परीक्षेआधी दोन आठवडे रजा टाका.

पुढची तारीख आत्ताच घेऊ नका. आठ-दहा आठवडे हे करा. मग आधी न ऐकलेले तीन संच घड्याळ लावून, मध्ये न थांबवता सोडवा. तिन्हींत 20 किंवा जास्त उत्तरं बरोबर आली, तर फक्त ऐकण्याच्या भागाची नोंदणी करा. दोन जादा उत्तरं परीक्षेच्या दिवशीच्या घाबरण्यासाठी.